आईच्या मांडीवर घडणारा ‘मी’

बाळ जन्माला आलं की त्याचं वजन होतं, डोक्याचा घेर मोजला जातो, बारसं होतं, जन्मदाखला मिळतो. पण ठेवलेल्या नावाला ओ देणारं आत अजून कुणी नसतं. दीड-दोन वर्षांनी तेच मूल आधी स्वतःला नावानं संबोधतं, बाळाला दे म्हणतं, आणि मग एक दिवस मला दे म्हणू लागतं. हा ‘मी’ मधल्या काळात आला कुठून? मेंदू वाढला, दात आले, पाय फुटले, हे सगळं खरं. पण वाढत्या शरीरात ‘मी’ कसा रुजतो, याचं उत्तर वजनकाट्यावर मिळत नाही.

मनोविश्लेषणानं हा प्रश्न गेल्या शतकात गांभीर्यानं हाती घेतला. व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडलं की ‘मी’ आपण जन्मतः घेऊन येत नाही. शरीराच्या गरजा, दडपलेल्या इच्छा आणि आईवडिलांचे नकार यांच्या झटापटीतून तो हळूहळू आकाराला येतो. फ्रॉइड यांनी हे निष्कर्ष मुख्यतः मोठ्या माणसांच्या आठवणी आणि स्वप्नं ऐकून काढले होते. पुढे लंडनच्या एका बालरोगतज्ज्ञानं हाच प्रश्न आईच्या मांडीवर बसलेल्या खऱ्याखुऱ्या बाळांकडे पाहत सोडवायचा प्रयत्न केला. त्यांचं नाव डॉ. डोनाल्ड वूड्स विनिकॉट. मुलांच्या रुग्णालयात ४० वर्षं बाह्यरुग्ण विभाग चालवलेल्या या डॉक्टरांचं आयुष्य आणि त्यांचा सिद्धांत एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की एक सांगताना दुसरं आपोआप येतं.

विनिकॉट यांचा जन्म ७ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या प्लिमथ या बंदराच्या शहरात झाला. वडील फ्रेडरिक हे व्यापारी. शहरात त्यांचं वजन होतं. ते दोनदा महापौर झाले. घर मोठं, बाग मोठी. वडील कामात गढलेले असल्यामुळे आई, दोन थोरल्या बहिणी आणि घरातल्या दाया-नोकराण्या यांच्यात हे शेंडेफळ वाढलं.

तीन वर्षांचे असतानाची एक गोष्ट ते म्हातारपणीही विसरले नव्हते. बहिणीची एक मेणाची बाहुली होती. त्या बाहुलीचं नाव घेऊन वडील डोनाल्डला चिडवत. एके दिवशी त्यानं क्रोकेच्या खेळातला आपला लाकडी हातोडा उचलला आणि बाहुलीचं नाक ठेचून सपाट केलं. नंतर वडिलांनी एकामागून एक काड्या पेटवल्या, मेण ऊब देऊन मऊ केलं आणि नाक पुन्हा घडवलं. चेहरा परत चेहरा झाला. आपण मोडलेलं दुरुस्त होऊ शकतं, आपल्या रागानं जग संपत नाही, हे त्या मुलाला तेव्हा कळलं. या प्रसंगाचं वजन पुढे त्यांच्या सिद्धांतात दिसतं.

आईची गोष्ट अधिक हळवी आहे. एलिझाबेथ विनिकॉट यांना नैराश्यानं ग्रासलं होतं. विनिकॉट याविषयी आयुष्यभर फारसं बोलले नाहीत. वयाच्या ६७ व्या वर्षी, १९६३ मध्ये, त्यांनी एक कविता लिहिली आणि ती आपल्या मेहुण्यांना पाठवली. बागेतल्या ज्या झाडावर बसून ते लहानपणी अभ्यास करत, त्या झाडाखाली रडणारी आई तिच्यात आहे. आणि आईला हसतं ठेवणं हेच आपलं काम आहे असं मानणारा मुलगा आहे. आईचा चेहरा वाचून, तिला बरं वाटावं म्हणून स्वतःचं मन बाजूला ठेवणारी मुलं प्रत्येक डॉक्टरनं पाहिलेली असतात. ती शहाणी म्हणून ओळखली जातात, कुणाला त्रास देत नाहीत. विनिकॉट यांनी पुढे या शहाणपणाची किंमत काय असते ते सांगितलं.

१३-१४ व्या वर्षी त्यांना केंब्रिजच्या निवासी शाळेत पाठवण्यात आलं. तिथे मैदानावर त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आजारी पडलो की आपण डॉक्टरांच्या हाती जातो, त्यापेक्षा आपणच डॉक्टर व्हावं, असं त्यांनी तेव्हा ठरवलं. मुलानं व्यवसाय सांभाळावा अशी वडिलांची अपेक्षा होती. ती बाजूला ठेवून ते केंब्रिज विद्यापीठात गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्यांनी काही काळ नौदलाच्या विनाशिकेवर शिकाऊ शल्यचिकित्सक म्हणून काम केलं. बरोबरीचे कितीतरी मित्र युद्धात गेले. युद्धानंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण पूर्ण करून १९२० मध्ये ते डॉक्टर झाले. याच सुमारास त्यांच्या हाती फ्रॉइड यांचं स्वप्नांवरचं पुस्तक आलं आणि या विषयानं त्यांना कायमचं धरून ठेवलं.

१९२३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातलं वळण ठरलं. त्या वर्षी त्यांचं अॅलिस टेलर यांच्याशी लग्न झालं. त्याच वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन मुलांच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. आणि त्याच वर्षी ते स्वतः रुग्ण म्हणून जेम्स स्ट्रॅची यांच्याकडे मनोविश्लेषणासाठी जाऊ लागले. फ्रॉइड यांचं समग्र लेखन पुढे इंग्रजीत आणणारे ते हेच स्ट्रॅची. हे विश्लेषण सुमारे दहा वर्षं चाललं. सकाळी बाह्यरुग्ण विभागात खोकला, जुलाब, संधिवाताचा ताप, आणि दुसरीकडे स्वतःच्या मनाची तपासणी, असा दुहेरी दिनक्रम होता. बालरोग आणि मनोविश्लेषण ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारा डॉक्टर त्या काळी इंग्लंडमध्ये दुर्मीळच होता.

इथेच त्यांना एक अडचण जाणवू लागली. मनाच्या आजारांचं मूळ चार-पाच वर्षांच्या वयात, मूल-आई-वडील या त्रिकोणात आहे, अशी फ्रॉइड यांची शिकवण होती. विनिकॉट यांच्यासमोर मात्र त्याहून कितीतरी लहान बाळं येत होती. काही नीट दूध घेत नव्हती, काही झोपत नव्हती, काहींची वाढच थांबली होती. तपासणीत शारीरिक दोष सापडत नसे. बिघाड त्रिकोण तयार होण्याच्या पुष्कळ आधी झालेला असे. १९२६ मध्ये लंडनला आलेल्या मेलनी क्लाइन यांनी तान्ह्या बाळांच्या मनातल्या प्रेमाचा, रागाचा आणि भीतीचा अभ्यास मांडला होता. विनिकॉट त्यांच्याकडे शिकले. पण एका मुद्द्यावर त्यांनी वेगळी वाट धरली. क्लाइन यांचं लक्ष बाळाच्या आतल्या कल्पनाविश्वावर होतं. विनिकॉट म्हणू लागले की बाळाला एकटं धरून त्याच्या मनाबद्दल बोलताच येत नाही. बाळ दाखवा म्हटलं तर बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस, अशी जोडीच दिसते.

त्यांची तपासणीची खोलीच त्यांची प्रयोगशाळा होती. टेबलाच्या कोपऱ्यावर ते जीभ दाबायची चकचकीत धातूची पट्टी ठेवत. आई बाळाला मांडीवर घेऊन जवळ बसे. तिनं मदत करायची नाही, उत्तेजन द्यायचं नाही, एवढीच सूचना. साधारण ५ ते १३ महिन्यांची बाळं काय करतात, याची निरीक्षणं त्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केली.

बाळाचं पट्टीकडे लक्ष जातं, हात पुढे येतो आणि मध्येच थांबतो. ते डोळे मोठे करून आईकडे, मग डॉक्टरांकडे पाहतं. अंग स्तब्ध होतं. हा थांबण्याचा क्षण महत्त्वाचा. मग तोंड सैल पडतं, लाळ सुटते, आणि बाळ धीर करून पट्टी उचलतं. ती तोंडात घालतं, टेबलावर आपटतं, कधी आईला भरवू पाहतं. शेवटी पट्टी हातातून पडते. कुणी उचलून दिली की बाळ ती मुद्दाम टाकतं आणि खूश होतं. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी बाळानं चमचा खाली टाकण्याचा खेळ केलेला असतो आणि उचलून उचलून आपली कंबर दुखलेली असते. विनिकॉट यांना या खेळात ‘मी’ घडताना दिसला. थांबणं ही बाळाची स्वतःची शंका, उचलणं ही स्वतःची इच्छा, टाकणं हा स्वतःचा निरोप. त्या थांबण्याच्या क्षणी घाईनं पट्टी बाळाच्या तोंडात कोंबली, तर कृती होते, पण ती बाळाची राहत नाही. अंगठा, चमचा, घास काहीही असो, बाळाला थांबायला वेळ मिळाला पाहिजे, ही त्यांची पहिली शिकवण.

दुसऱ्या महायुद्धानं हे निरीक्षण खोलीबाहेर नेलं. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं ब्रिटनच्या शहरांतून सुमारे १५ लाख लोक खेड्यांत हलवण्यात आले. त्यात बहुसंख्य मुलं होती, आणि त्यातली पुष्कळ आईवडिलांशिवाय. त्याच डिसेंबरात विनिकॉट, जॉन बोल्बी आणि इमॅन्युएल मिलर या तिघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पत्र लिहून इशारा दिला, की पाच वर्षांखालच्या मुलांना दीर्घकाळ आईपासून तोडलं तर ते दुःख तात्पुरतं राहणार नाही, त्यातून मोठे मानसिक प्रश्न उभे राहू शकतात. पुढे ऑक्सफर्डशरमध्ये, कुठल्याच घरात टिकू न शकलेल्या मुलांसाठी वसतिगृहं काढण्यात आली आणि विनिकॉट तिथे सल्लागार झाले. ही मुलं अंथरुण ओलं करत, चोऱ्या करत, पळून जात. या कामात त्यांना क्लेअर ब्रिटन ही समाजकार्यकर्ती भेटली. पहिलं लग्न संपल्यानंतर १९५१ मध्ये दोघांनी विवाह केला. विनिकॉट यांना स्वतःचं मूल कधीच झालं नाही.

युद्धकाळातच नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्या घरी राहायला आला. तो वसतिगृहातून सारखा पळून जाई. विनिकॉट आणि अॅलिस यांनी त्याला तीन महिने ठेवून घेतलं. आधी तो घरातूनही पळत राहिला. मग त्याचं पळणं थांबलं आणि सगळा राग घरातच निघू लागला. त्याचा उद्रेक झाला की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवत. दाराला खास घंटा होती. ती वाजवली की त्याला आत घेतलं जाई आणि झाल्या प्रकाराबद्दल एक शब्दही काढला जात नसे. मात्र दर वेळी बाहेर ठेवताना, या वागण्यामुळे मला तुझा राग आला आहे, हे ते त्याला स्पष्ट सांगत. त्याला मारायचं नाही, पण खोटं गोडही बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. या अनुभवावर त्यांनी १९४७ मध्ये एक निबंध वाचला. डॉक्टरला रुग्णाचा आणि आईला बाळाचा राग येतो, हे त्यात त्यांनी उघडपणे मांडलं आणि आईला राग येण्याची कारणंच यादी करून दिली. राग येणं ही विकृती नाही. तो ओळखून, सहन करून, बाळावर न काढता वाट पाहता येणं हे आईपणाचं बळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. रात्रभर जागलेल्या बाळंतिणीला एवढं एक वाक्य कुणी सांगितलं, तरी तिचा निम्मा अपराधीपणा उतरतो.

या सगळ्यातून विनिकॉट यांचा सिद्धांत उभा राहिला. तो चार पायऱ्यांत समजून घेता येईल.

पहिली पायरी धरण्याची. नवजात बाळाचा अनुभव तुकड्यातुकड्यांचा असतो. भूक, गारवा, उजेड, आवाज, सगळं विखुरलेलं. कुणीतरी त्याला नीट धरतं, मान सांभाळतं, एकाच ठेक्यात थोपटतं, ठरावीक माणसाचा वास आणि आवाज पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा हे तुकडे एका अंगात गोळा होऊ लागतात. मी या कातडीच्या आत आहे, हे बाळाला आधी शरीरातून कळतं.

दुसरी पायरी पाहिलं जाण्याची. बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहतं तेव्हा त्याला काय दिसतं? विनिकॉट यांच्या मते त्याला स्वतः दिसतं. ते हसलं की आईचा चेहरा उजळतो, ते कळवळलं की आईच्या कपाळावर आठी येते. आईचा चेहरा हा पहिला आरसा. फ्रेंच मनोविश्लेषक झाक लाकां यांनी खऱ्या आरशातल्या प्रतिमेवरून ‘मी’ची उकल केली होती. विनिकॉट यांनी १९६७ च्या निबंधात त्यांचं ऋण मान्य केलं आणि आरशाच्या जागी माणसाचा चेहरा आणला. हा चेहरा सतत दुःखात गोठलेला असेल तर बाळ स्वतःला पाहायचं सोडून चेहराच वाचू लागतं, हवामान पाहावं तसं. प्लिमथच्या बागेतला मुलगा इथे आठवतो.

तिसरी पायरी सोसवेल इतक्या उणिवेची. सुरुवातीला आई बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते. पुढे ती थोडी थोडी चुकते. दूध जरा उशिरा येतं, हाक लगेच ऐकली जात नाही. या छोट्या, भरून निघणाऱ्या चुकांमुळेच बाळाला कळतं की आई वेगळी आहे आणि मी वेगळा. म्हणून विनिकॉट यांना परिपूर्ण आई नकोच होती. पुरेशी चांगली आई त्यांना हवी होती. याच मधल्या प्रदेशात बाळ एखादी गोधडी, चादरीचा कोपरा किंवा कापडी अस्वल जिवाशी धरतं. ते धुतलेलंही त्याला चालत नाही. ही वस्तू पूर्ण बाहेरची नाही आणि नुसती कल्पनाही नाही. १९५१ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी तिला आईपासून जगाकडे जाणाऱ्या वाटेवरची वस्तू मानलं. मळकी गोधडी फेकण्याआधी घरच्यांनी दोनदा विचार करावा, तो यासाठी.

चौथी पायरी टिकून राहण्याची. बाळ चावतं, बोचकारतं, रागानं लाल होतं. त्याच्या मनात त्या क्षणी समोरचं माणूस नष्ट झालेलं असतं. डोळे उघडावेत तर आई तिथेच आहे. ती कोसळली नाही, तिनं सूड उगवला नाही, तोंड फिरवलं नाही. तेव्हा बाळाला पहिल्यांदा पक्कं कळतं की माझ्या मनाबाहेर एक खरं माणूस आहे, आणि त्याच्यावर प्रेम करता येतं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला वाचलेल्या निबंधात त्यांनी हे मांडलं. बाहुलीचं नाक, दाराची घंटा आणि हा निबंध यांच्यामधला धागा एकच आहे.

या पायऱ्या फसल्या तर काय होतं, हेही त्यांनी सांगितलं. मूल दुसऱ्यांच्या अपेक्षांना जुळवून घेणारा एक वरवरचा ‘मी’ तयार करतं. थोडा मुखवटा सगळ्यांनाच लागतो. सभ्यपणा म्हणजे तोच. पण खरा ‘मी’ पूर्ण झाकला गेला तर माणूस हुशार, यशस्वी, सर्वांचा लाडका होऊनही आतून रिकामा राहतो. सगळं मिळालं, पण हे जगणं माझं वाटत नाही, अशी तक्रार घेऊन छातीत धडधड, निद्रानाश, पोटाचे विकार सांगणारी माणसं बाह्यरुग्ण विभागात रोज येतात. तपासण्या नॉर्मल निघतात आणि ती अधिकच खचतात.

विनिकॉट आपली मतं केवळ पंडितांच्या सभेत मांडत राहिले नाहीत. १९४० च्या दशकापासून बीबीसी रेडिओवरून ते थेट आयांशी बोलले, तेही स्वतःचं नाव न सांगता. त्या काळी तज्ज्ञांनी बाळाला घड्याळ लावून दूध पाजा, रडलं तरी उचलू नका असे नियम दिले होते. विनिकॉट आयांना सांगत की तुम्ही न शिकता जे नीट करता आहात, त्यात डॉक्टरांनी लुडबुड करू नये. १९६४ चं त्यांचं ‘द चाइल्ड, द फॅमिली अँड द आउटसाइड वर्ल्ड’ हे स्वस्त आवृत्तीतलं पुस्तक घरोघरी पोहोचलं. ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेत क्लाइन आणि फ्रॉइड यांच्या कन्या अॅना फ्रॉइड यांचे गट कडाक्यानं भांडत असताना ते कुठल्याच गटात गेले नाहीत. मधल्या स्वतंत्र मंडळींत राहिले आणि संस्थेचे दोनदा अध्यक्ष झाले. मनोरुग्णांच्या मेंदूवर केल्या जाणाऱ्या ल्युकोटॉमी शस्त्रक्रियेला त्यांनी जाहीर विरोध केला.

त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. या सिद्धांतात भार आईवर फार पडतो. वडील त्यांच्या लेखनात बहुतेक वेळा आईला आधार देणारे म्हणून, पडद्यामागेच दिसतात. त्या काळातल्या काही मनोविश्लेषकांनी तर स्वमग्नतेचा दोष थंड स्वभावाच्या आयांना दिला. तो साफ चुकीचा होता. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात भिन्नता आहे, आईच्या वागण्यानं ती होत नाही. विनिकॉट यांच्या कल्पना निरीक्षणांवर उभ्या आहेत. त्यांनी नियंत्रित प्रयोग केले नाहीत. माणूस म्हणूनही ते चुकले. अविभाजित पंजाबात जन्मलेले मसूद खान हे त्यांच्याकडे विश्लेषण घेतलेले आणि त्यांच्या लेखनाच्या संपादनात मदत करणारे सहकारी. त्यांनी रुग्णांशी मर्यादा ओलांडल्या आणि १९८८ मध्ये संस्थेनं त्यांना काढून टाकलं. आपल्या जवळच्या माणसाला विनिकॉट आवर घालू शकले नाहीत, ही टीका रास्त आहे.

तरीही नंतरच्या विज्ञानानं त्यांच्या मूळ निरीक्षणाला पाठबळ दिलं. १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. काही महिन्यांची बाळं आधी आईला हसवायचा प्रयत्न करत, मग अस्वस्थ होत, शेवटी मान फिरवत. ट्रॉनिक यांच्याच अभ्यासात हेही दिसलं की निरोगी आई-बाळातही ताल वारंवार चुकतो. महत्त्व असतं तो पुन्हा जुळण्याला. रुमानियातल्या अनाथालयांमधल्या १३६ मुलांवर २००० पासून झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात काही मुलांना पालक कुटुंबांत ठेवण्यात आलं. साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्या मुलांची भावनिक जोडणी अधिक चांगली सुधारली. पुरेसं अन्न, छप्पर असूनही एखादं कायमचं माणूस नसेल तर वाढ खुंटते, हे त्यातून स्पष्ट झालं. ते माणूस आईच असलं पाहिजे असं मात्र नाही. वडील, आजी, दत्तक पालक, कुणीही चालतं, टिकणारं हवं.

विनिकॉट यांचं हृदय १९४९ पासून कमकुवत झालं होतं. वडिलांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत त्यांना पहिला झटका आला. १९६३ मध्ये, ४० वर्षांच्या सेवेनंतर, ते पॅडिंग्टन ग्रीनमधून निवृत्त झाले. १९६८ च्या न्यूयॉर्क दौऱ्यात फ्लू आणि हृदयविकारानं ते गंभीर आजारी पडले. तरी परतल्यावर ते लिहीत राहिले, मुलांबरोबर कागदावर रेघोट्यांचा खेळ खेळत राहिले. एक रेघ डॉक्टरांनी ओढायची, मुलानं तिचं काहीतरी बनवायचं, मग उलट. मृत्यू येईल तेव्हा आपण खरोखर जिवंत असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. जानेवारी १९७१ मध्ये लंडनच्या घरी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या आयुष्यातून आपण रोजच्या व्यवहारात काय घ्यायचं? विनिकॉट यांनी वारंवार सांगितलं की बाळाला धरणाऱ्या आईलाही कुणीतरी धरावं लागतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीत हे शहाणपण आहे. आता कित्येक जोडपी शहरात दोघंच राहतात, आणि माहेरी गेली तरी सगळ्यांचं लक्ष बाळाच्या दुधाकडे आणि वजनाकडे असतं. तपासणीला आल्यावरही बाळाचे दहा प्रश्न विचारले जातात. बाळंतिणीला झोप लागते का, असं क्वचितच कुणी विचारतं.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं सर्वसाधारण आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, आपण नालायक आई आहोत असं सतत वाटत असेल, तर तो आजार आहे. स्वभावदोष किंवा नाटक नाही. समुपदेशन आणि औषधं यांनी तो बरा होतो, आणि अंगावर पाजताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतील अशी औषधंही आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं आणि तिला एकटं ठेवू नये. सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत उपलब्ध आहे.

बाळाला खेळणी, क्लास, महागडी उपकरणं नंतर देता येतील. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याला धरणारे हात, त्याच्याकडे पाहणारा चेहरा आणि त्याच्या रागापुढे टिकून राहणारं माणूस हवं. हातात मोबाइल असताना चेहरा बाळाकडे नसतो, हे ध्यानात ठेवावं. पण एखाद्या दिवशी जमलं नाही, आवाज चढला, म्हणून आयांनी स्वतःला दोष देत बसू नये. शांत झाल्यावर बाळाला परत जवळ घ्यावं. पुरेसं चांगलं असणं पुरेसं असतं.